व्यायामाची चालढकल आणि स्वतःवर लावलेला दंड: स्टिक आणि बीमाइंडर वापरावं का?

बूट घेतलेले असतात, वेळही काढता येतो, व्यायामाचे फायदे तर पाठच असतात; तरी सुरुवात 'उद्यापासून'च होते. अशा वेळी आणखी माहिती वाचून काही हलत नाही. अडचण काळाची असते. घाम आत्ता गाळायचा आणि फायदा काही महिन्यांनी दिसणार. टाळलं तर आराम लगेच मिळतो आणि नुकसान इतकं लांब असतं की त्याची धग जाणवत नाही. स्वतःशी केलेला पैशाचा करार, म्हणजे ठरवलेलं चुकलं की खिशातून दंड, ही अडचण बरोबर पकडतो, कारण टाळण्याची किंमत तो उचलून याच आठवड्यात आणून ठेवतो.

असे करार सांभाळणाऱ्या सेवांपैकी स्टिक आणि बीमाइंडर या दोन जुन्या आहेत आणि दोन्ही फक्त व्यायामाच्या दृष्टीने इथे तपासल्या आहेत. आधी मत सांगतो. चालणं, धावणं, सायकल असा यंत्राने मोजला जाणारा व्यायाम असेल आणि मनगटावर व्यायाम मोजणारं घड्याळ असेल, तर बीमाइंडर घ्या. घरातल्या जोर-बैठका, वजनं उचलणं, नाच असं काही असेल आणि ओळखीत एक खरोखर कडक माणूस असेल, तर स्टिक. कडक माणूसही नाही आणि घड्याळही नाही, अशा स्थितीत दोन्हींपैकी कशावरही पैसे लावण्यात अर्थ नाही. त्यांच्यासाठी वेगळा उपाय पुढे दिला आहे.

स्टिक जानेवारी २००८ मध्ये सुरू झालं. त्यामागे येल विद्यापीठातले अर्थशास्त्रज्ञ डीन कार्लन, तिथलेच कायद्याचे प्राध्यापक इयन एअर्स आणि जॉर्डन गोल्डबर्ग होते. करार करताना चार गोष्टी ठरवायच्या असतात: ध्येय काय, दर आठवड्याला किती रक्कम पणाला, हरलात तर ती कोणाला, आणि खरं-खोटं ठरवणारा पंच कोण. कार्डाची माहिती आधी द्यावी लागते, पण पैसे कापले जातात ते आठवडा हुकल्यावर. रक्कम मित्राला जाऊ शकते, एखाद्या समाजसेवी संस्थेला जाऊ शकते किंवा तुम्हाला जिचे विचार अजिबात पटत नाहीत अशा संस्थेला.

हा तिसरा पर्याय स्टिकची खरी ताकद आहे. चांगल्या कामाला पैसे जाणार असतील तर मन पटकन स्वतःची समजूत घालतं, 'आज नाही गेलो, पण पैसे सत्कारणी लागले.' दंड गोड झाला की त्याचा धाक संपतो. पैसे विरोधी बाजूला जाणार असतील तर ही पळवाट राहत नाही आणि तुलनेने लहान रकमेतही धार येते. तुमच्या मनात कोणाविषयी इतकी तीव्र नावडच नसेल, तर मात्र हा पर्याय निवडून उपयोग नाही. रक्कम वाढवावी लागेल.

स्टिकचा कच्चा दुवा पंच. पंच नेमला नाही तर अहवाल तुमच्याच शब्दावर चालतो, आणि चालढकल करणाऱ्याचा शब्द आठवड्याच्या शेवटी किती लवचिक होतो हे सगळ्यांनाच माहीत आहे. जोडीदाराला पंच नेमणं ही सर्वांत जास्त होणारी चूक. घरातून पैसे जाणार म्हणजे दंड पंचाच्याही खिशातून जाणार, मग तो कशाला 'नापास' म्हणेल? जिवलग मित्रही फारसा उपयोगी नाही, त्याला तुमची दया येते. पंच असा हवा की ज्याला तुमच्या दंडाने काही फरक पडत नाही आणि ज्याच्यासमोर खोटं बोलायची तुम्हाला लाज वाटते: जुना सहकारी, प्रशिक्षक, धावण्याच्या गटातला एखादा शिस्तीचा माणूस. त्याला पुरावा कोणत्या रूपात द्यायचा हेही आधीच ठरवा. प्रत्येक व्यायामानंतर घड्याळाच्या पडद्याचा किंवा घामेजलेल्या चटईचा फोटो त्याच दिवशी पाठवायचा, दुसऱ्या दिवशीचा चालणार नाही, इतकं स्पष्ट. आणि अहवाल द्यायला विसरू नका. व्यायाम पूर्ण करूनही अहवाल दिला नाही तर तो आठवडा हरल्यातच जमा होतो. आठवडा संपण्याच्या दिवशी फोनवर वारंवार वाजणारं स्मरण लावून ठेवा.

बीमाइंडरची घडण वेगळी आहे. डॅनियल रीव्हज आणि बेथनी सूल यांनी २०११ मध्ये सुरू केलेल्या या सेवेत आलेख हाच करार. आठवड्याला किती करायचं ते तुम्ही ठरवता, त्यानुसार आलेखावर एक तिरकी लाल रेषा चढत जाते आणि तुमचे ठिपके त्या रेषेच्या योग्य बाजूला राहावे लागतात. दिवसाची मुदत संपताना ठिपका चुकीच्या बाजूला असेल तर पैसे गेले. ते जातात बीमाइंडरलाच. हे अनेकांना खटकतं, पण व्यवहार उघड आहे. नेहमीच्या वापराला वेगळी फी नाही, सेवेचं उत्पन्न मुख्यतः या दंडातून आणि जादा सोयींच्या सशुल्क योजनांतून येतं.

दंडाच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: ५ डॉलर, मग १०, ३०, ९०, २७० आणि त्याहूनही वर. एकदा घसरलात की पुढची पायरी लागू होते. कल्पना अशी की प्रत्येकाला बोचणारी रक्कम वेगळी असते आणि चढत गेलं की ती आपोआप सापडते. बहुतेकांचा पाय ३० किंवा ९० च्या पायरीवर थांबावा, आणि म्हणूनच कमाल मर्यादा पहिल्याच दिवशी घालून ठेवा. तशी सोय आहे. न परवडणाऱ्या रकमेवर करार चालू ठेवणं हा मूर्खपणा आहे. त्याने व्यायाम वाढत नाही, नोंदींत खोटेपणा वाढतो.

या सेवेतली सर्वांत हुशार गोष्ट म्हणजे सात दिवसांचं अंतर. ध्येय सोपं करायचं, सुटी टाकायची, दंड खाली आणायचा, करार बंदच करायचा, काहीही करता येतं. पण बदल लागू होतो एका आठवड्यानंतर. त्यामुळे रात्री दहा वाजता सोफ्यावर बसून 'जाऊ दे, रद्द करतो' म्हणता येत नाही. पुढच्या आठवड्यातल्या स्वतःविषयी माणूस बऱ्यापैकी शहाणपणाने ठरवतो, आजच्या रात्रीविषयी नाही, हे या नियमाने ओळखलं आहे. करार कठोरही राहतो आणि त्यात अडकून पडण्याची भीतीही राहत नाही. स्टिकमध्ये करार एकदा सही झाला की मुदत संपेपर्यंत पाळायचा असतो. म्हणून तिथे पहिला करार चार आठवड्यांपेक्षा मोठा करू नये.

बीमाइंडरची जुळणी करताना ध्येयाचा प्रकार 'जास्त करायचं' असा निवडा आणि एकक 'व्यायामाचे दिवस' ठेवा, मिनिटं नको. दर आठवड्याला ३. नोंद हाताने करायची असेल तर ईमेलच्या उत्तरात किंवा ॲपमध्ये त्या दिवसासाठी १ टाकायचा. फिटबिट, गार्मिन, स्ट्राव्हा किंवा ॲपल हेल्थ यांपैकी व्यायाम मोजणारं घड्याळ किंवा ॲप जोडलं तर आकडे आपोआप येतात, आणि जोडता येत असेल तर जोडाच. हाताने भरलेल्या आकड्याशी वाद घालता येतो, घड्याळाच्या आकड्याशी घालता येत नाही.

यंत्र जोडल्यावर काय बिघडतं तेही सांगायला हवं. घड्याळाने व्यायाम मोजला तरी तो आकडा आधी फोनमध्ये आणि तिथून पुढे जावा लागतो. रात्री उशिरा चालून आलात, फोन बाजूला टाकून झोपलात, तर मुदत संपेपर्यंत आकडा पोचतच नाही. ॲपल हेल्थमधली माहिती फोन कुलूपबंद असताना वाचता येत नाही, त्यामुळे तिथे हे हमखास होतं. उपाय सोपा आहे: व्यायाम संपल्यावर फोन उघडून घड्याळाचं ॲप एकदा चालू करायचं, आणि मुदत मध्यरात्रीवर न ठेवता झोपायच्या तासभर आधी आणायची. मुदत मध्यरात्रीची असेल तर बारा वाजायला वीस मिनिटं असताना गल्लीत धावाधाव होते. नऊची असेल तर संध्याकाळ व्यायामासाठी मोकळी ठेवावीच लागते. तांत्रिक कारणाने घसरण झालीच, तर पैसे कापण्याआधी ईमेल येतो. त्याला उत्तर देऊन खरं कारण सांगितलं की दंड मागे घेतात. ही सोय माणुसकीची आहे, तिचा गैरफायदा घेतला तर करार आतून पोकळ होतो.

आकडा कोणता धरायचा यातही फसगत होते. फिटबिट ज्यांना झोन मिनिटं म्हणतं ती घड्याळाची मिनिटं नसतात. मध्यम श्रमाच्या एका मिनिटाला एक आणि जोरदार श्रमाच्या एका मिनिटाला दोन असा हिशोब असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरदार व्यायाम सुचवला आहे, म्हणजे दुपटीचा हिशोब तसा योग्यच. पण करारात '१५० मिनिटं' लिहून त्याला झोन मिनिटं जोडली, तर आपण नेमकं काय कबूल केलं हे कळलेलं असायला हवं.

आणखी एक दोष फक्त बीमाइंडरचा. ठरलेल्यापेक्षा जास्त केलं की शिल्लक साचते. आठवड्याला ३ दिवस ठरवून पहिल्या उत्साहात ६ दिवस गेलात, तर पुढचा आठवडा बसून काढता येतो, आणि त्या बसण्यातच लय मोडते. शिल्लक दोन-तीन दिवसांपेक्षा जास्त झाली की ती स्वतः कापून टाका. आपोआप कापण्याची सोय सशुल्क योजनेत मिळते. व्यायामासाठी पैसे खर्च करण्यासारखी ती एकच जादा सोय आहे.

दंड लहान असेल तर काय होतं याचा एक प्रसिद्ध दाखला आहे. उरी नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी यांनी इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांचा अभ्यास केला होता. तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी लहानसा दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला आणि दंड काढून टाकल्यावरही पूर्वपदावर आला नाही. पालकांच्या लेखी दंड म्हणजे उशिरा येण्याची फी झाली होती. व्यायामाचंही तसंच. ५ डॉलर देऊन सुटी मिळत असेल आणि ती स्वस्त वाटत असेल, तर तुम्ही दर आठवड्याला आनंदाने सुटी विकत घ्याल. रक्कम ठरवताना स्वतःला विचारा की थकून घरी आल्यावर एवढे पैसे देऊन हा व्यायाम टाळायला मी तयार होईन का? उत्तर 'हो' असेल तर रक्कम कमी आहे. 'बहुधा नाही' असेल तर पुरेशी आहे.

अर्थशास्त्रज्ञ आनेट जॉन यांचा फिलिपिन्समधल्या बचत करारांचा २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास याला पुष्टी देतो. दंडाची रक्कम लोकांनी स्वतः निवडली होती, तरीही करार घेणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांनी तो मोडला. स्वतःची ओढ किती जोरकस आहे याचा अंदाज चुकला आणि दंड फार हलका ठेवला गेला. मोडलेला करार घेण्यापेक्षा न घेतलेला बरा, कारण त्यात पैसेही जातात आणि व्यायामही होत नाही.

जिमची मासिक वर्गणी म्हणजे असाच करार, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. स्टेफानो डेलाविन्या आणि उल्रिके माल्मेंडियर यांनी अमेरिकेतल्या तीन जिममधल्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी तपासल्या आणि निष्कर्ष २००६ मध्ये मांडले. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यात सरासरी ४.३ वेळा येत होते, म्हणजे दर खेपेला १७ डॉलरहून अधिक पडत होते. दहा खेपांचा पास घेतला असता तर दर खेपेला १० डॉलरमध्ये काम झालं असतं. वर्गणीचे पैसे गेलेले असतात. आज गेलात तरी ते परत येत नाहीत, न गेलात तरी वाढत नाहीत. त्यामुळे आजच्या निर्णयावर त्यांचा दाब पडत नाही. दाब पडायला पैसा अजून तुमचा असावा लागतो आणि आजच्या चुकीने तो हातचा जावा लागतो.

हे मितेश पटेल आणि सहकाऱ्यांच्या २०१६ मधल्या प्रयोगात छान दिसतं. २८१ नोकरदारांना दिवसाला ७,००० पावलांचं ध्येय दिलं. एका गटाला ध्येय गाठलेल्या प्रत्येक दिवसाचे १.४० डॉलर मिळायचे. दुसऱ्या गटाच्या नावावर महिन्याच्या सुरुवातीला ४२ डॉलर जमा दाखवले आणि हुकलेल्या दिवसाला १.४० डॉलर वजा केले. हिशोब दोन्हीकडे तोच. बक्षीस मिळणाऱ्या गटाने ध्येय गाठलेल्या दिवसांचं प्रमाण ३५ टक्के, वजावटीच्या गटाचं ४५ टक्के, आणि पैशाशिवायच्या गटाचं ३० टक्के.

आता कराराची भाषा, जिच्यावर दोन्ही सेवांचं यश टिकून आहे. 'नियमित व्यायाम करीन' हे वाक्य करारात निरुपयोगी. चालेल असं वाक्य: 'सोमवार ते रविवार या काळात किमान तीन वेगवेगळ्या दिवशी, प्रत्येक वेळी सलग २० मिनिटं, घड्याळात नोंद झालेला व्यायाम.' यात 'वेगवेगळ्या दिवशी' हे शब्द मोलाचे आहेत. ते नसतील तर रविवारी संध्याकाळी एका दमात तीन खेपा उरकल्या जातात, आणि महिनोन् महिने बसून असलेल्या शरीराला स्नायू ओढला जाणं, गुडघा सुजणं हे त्यातून सहज होतं. २० मिनिटं कमी वाटतील, पण करार हा सुरुवात करून देण्यासाठी आहे. बाहेर पडलेला माणूस बहुतेकदा ठरल्यापेक्षा जास्तच करतो. तुमच्या चांगल्या आठवड्यात जे जमतं ते करारात लिहू नका, वाईट आठवड्यात जे जमेल ते लिहा.

वजन, कंबर, धावण्याचा वेग यांवर पैसे लावू नका. वजन पाण्याने आणि मिठानेही दिवसागणिक वर-खाली होतं. मुदतीच्या आदल्या दिवशी उपाशी राहून काटा हलवण्याचा मोह होतो. केविन व्होल्प यांच्या २००८ मधल्या प्रयोगात स्वतःची अनामत लावलेल्या गटाचं वजन १६ आठवड्यांत सरासरी १४ पौंडांनी घटलं, तुलनेच्या गटाचं ३.९ पौंडांनी, पण पैसे थांबल्यावर बरंचसं वजन परत आलं. जे तुमच्या हातात आहे त्यावर, म्हणजे कृतीवर, करार करा. आणि खाण्याशी संबंधित मानसिक आजार, हृदयविकार, ताजी शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय दंडाचा करार नकोच. थांबायला हवं त्या दिवशी तो तुम्हाला थांबू देणार नाही.

अपवादही आधीच लिहून ठेवायचे: ताप, डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती, सहा तासांहून मोठा प्रवास. 'खूप काम होतं' हा अपवाद नाही. स्टिकमध्ये ही यादी पंचाला द्या. बीमाइंडरमध्ये ठरलेला प्रवास आठवडाभर आधी सुटी म्हणून टाका आणि अचानकच्या आजारासाठी त्यांना ईमेल करा.

पंचही नाही आणि घड्याळही नाही, त्यांच्यासाठी फोकसमेट. अनोळखी माणसाबरोबर २५, ५० किंवा ७५ मिनिटांची व्हिडिओ भेट ठरवायची, सुरुवातीला काय करणार ते सांगायचं आणि कॅमेऱ्यासमोर तेच करायचं. बैठ्या कामाऐवजी हालचालीचं काम असा पर्याय निवडता येतो. आठवड्याला तीन भेटी मोफत आहेत, व्यायामाला तेवढ्या पुरतात. पैशाचा धाक नसला तरी समोर कोणीतरी ताटकळत बसेल ही जाणीव अंथरुणातून उठवायला पुरते. सकाळच्या व्यायामाला ही तोड उत्तम आहे. मात्र बाहेर धावायला जाणाऱ्यांना तिचा उपयोग नाही.

कुठलीही दुसरी सेवा निवडताना कार्ड देण्याआधी दंडाच्या तक्रारीचा आणि खातं बंद करण्याचा नियम वाचा. पॅक्ट नावाच्या ॲपमध्ये व्यायाम चुकवणाऱ्यांचे पैसे व्यायाम करणाऱ्यांत वाटले जायचे. कल्पना आकर्षक होती. पण ध्येय गाठलेल्यांचे आणि सेवा बंद केलेल्यांचेही पैसे कापल्याचा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेने, तिच्यावर ठेवला आणि २०१७ मध्ये ग्राहकांचे पैसे परत करण्याची तडजोड झाली. ज्या सेवेचा फायदा तुमच्या हरण्यात आहे तिथे वाद मिटवण्याची पद्धत स्पष्ट लिहिलेली नसेल, तर पुढे जाऊ नका.

करार किती दिवस चालवायचा? हेदर रॉयर, मार्क स्टेर आणि जस्टिन सिडनर यांनी एका मोठ्या अमेरिकन कंपनीत केलेला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग इथे वाट दाखवतो. कर्मचाऱ्यांना चार आठवडे जिमच्या प्रत्येक खेपेला १० डॉलर दिले. पैसे थांबल्यावर नुसतं बक्षीस मिळालेल्यांचं जाणं बरंचसं ओसरलं. ज्यांना त्यानंतर स्वतःचे पैसे लावून करार करण्याची संधी दिली, त्या गटात मात्र परिणाम टिकला आणि काही वर्षांनंतरही दिसत होता. त्या करारात अटही सौम्य होती: दोन महिन्यांत सलग १४ दिवस खाडा पडू द्यायचा नाही. म्हणून पहिले चार ते आठ आठवडे आठवड्याला तीन दिवसांची कडक अट चालवावी, मग करार संपवून न टाकता ती 'सलग दहा दिवस खाडा नको' इतकी सैल करावी आणि रक्कम मात्र तीच ठेवावी. बीमाइंडरमध्ये यासाठी रेषेचा चढ कमी करावा लागतो, आणि तो बदल आठवडाभर आधी टाकावा लागतो. स्टिकमध्ये जुन्या कराराचा शेवटचा अहवाल देताना त्याच बैठकीत नवा करार करून टाका, कारण दोन करारांच्या मधला मोकळा आठवडा हा चालढकलीचा सर्वांत आवडता आठवडा असतो.